दोन दाढांमधली सावली

दाढ दुखत नाही, आरशात स्वच्छ दिसते, तरी डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. पुष्कळांना हा खर्च नाहक वाटतो. पण दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, तिथे ब्रश पोचत नाही आणि डॉक्टरांची नजरही. कीड बरेचदा तिथेच, टेकण्याच्या जागेच्या किंचित खाली लागते.

राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले. दोनच महिन्यांत जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्याला सुमारे २५ मिनिटे किरणांसमोर थांबावे लागले. आज सेकंदाहून कमी वेळ पुरतो.

फिल्म वाचण्याचे मूळ सूत्र सोपे आहे: खनिज जितके दाट, तितका भाग पांढरा. दाताचे कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. म्हणून ते लख्ख दिसते. आतले डेंटिन करडे, तर मधली नस काळसर. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, आम्लाने खनिज झिजते आणि तिथून किरण सहज पार होतात. पांढऱ्या कवचात मग एक छोटा काळसर त्रिकोण उमटतो, पाया बाहेर, टोक आत. कीड डेंटिनला भिडली की आडवी पसरते आणि आत दुसरा त्रिकोण दिसू लागतो.

पण प्रत्येक काळी छटा कीड नसते. हिरडीजवळ, जिथे कवच संपते, तिथे निरोगी दातावरही अशी झाक येते. उलट, खनिजाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेल्याशिवाय कीड फिल्मवर उमटतच नाही. म्हणजे दिसते त्यापेक्षा ती खोलच गेलेली असते. म्हणूनच फिल्मच्या जोडीला तोंडाची प्रत्यक्ष तपासणी लागतेच.

त्रिकोण कवचातच असेल, तर फ्लोराइड, दातांमधून रोज फिरवलेला दोरा आणि कमी गोड खाणे यांनी कीड थोपवता येते. दात कोरावा लागत नाही. मात्र ती थांबली की वाढली, हे एका फिल्मवरून कळत नाही. जुनी फिल्म शेजारी ठेवावी लागते. तेव्हा दाताचा एक्स-रे टाकून देऊ नका. पुढच्या तपासणीला सोबत न्या.