पाण्याचा काठ आणि पाखरांचे वर्ष



कळमनुरीच्या बाजारात 'इसापूर' असा शब्द कोणी काढला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा पाण्याचा हिशेब येतो. धरण किती भरले? कालव्याला पाणी कधी सुटणार? यंदा गव्हाला किती पाळ्या मिळतील? हे साहजिकच आहे. ज्याचे पोट पाण्यावर, त्याचे लक्षही पाण्यावर. पण ह्याच पाण्यावर पोट असणारे दुसरेही पुष्कळ जीव आहेत, आणि त्यांचा हिशेब आपल्याहून थोडा वेगळा आहे. आपण पाहतो ते मधले खोल पाणी. ते पाहतात तो काठ. आज मी तुम्हांला ह्या काठाची हकीकत सांगणार आहे.

प्रथम जागा नीट समजून घेऊ. पैनगंगा ही आपल्या तालुक्याची शीव. अलीकडे हिंगोली जिल्हा, पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला पुसद तालुका. म्हणजे अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. १९५६ पर्यंत तर ही नदी दोन राज्यांची सीमा होती. ह्या नदीवर ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पातले इसापूरचे मातीचे धरण १९८२ च्या सुमारास उभे राहिले. त्याची लांबी सुमारे चार किलोमीटर आणि पायापासून उंची ५७ मीटर. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ ह्या तिन्ही जिल्ह्यांच्या शिवारात त्याचे पाणी जाते. पाणी अडले तेव्हा नदीकाठच्या गावांना आपली घरे आणि काळी कसदार जमीन सोडून उठावे लागले, हेही विसरून चालणार नाही. पुढे २०१४ साली ह्या जलाशयाचा सुमारे ३८ चौरस किलोमीटरचा भाग पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

तुम्ही म्हणाल, जेथे पाणी तेथे पाखरे, त्यात सांगण्यासारखे काय? पण गंमत अशी की खोल पाण्यात पाखरांना फारसे काही मिळत नाही. ऊन पाण्यात फार खाली पोचत नाही. जेथे ऊन पोचत नाही तेथे पाणवनस्पती उगवत नाही. आणि वनस्पती नाही तेथे किडे, गोगलगायी, माशांची पिले हेही थोडेच. ह्याच्या उलट, गुडघाभर पाण्यात ऊन थेट तळाला लागते. तेथे शेवाळ धरते, पाणगवत वाढते, त्याच्या आश्रयाने किडे आणि लहान मासे राहतात. म्हणून ज्याला आपण 'नुसता चिखल' म्हणतो, ती खरी तर पाखरांची पेव आहेत.

हे पेव कोणी कसे उघडावयाचे, हे ज्याच्या त्याच्या पायांवर आणि चोचीवर ठरलेले आहे. तांबड्या काडीसारख्या लांब पायांचा शेकाट्या पोटरीभर पाण्यात उभा राहून वेचतो. आखूड पायांचा चिखल्या पाण्यात शिरतच नाही, ओल्या मातीवरून तुरुतुरु धावतो. तुतारी आपली लांब चोच चिखलात खुपसून आतला किडा काढते. थापट्या बदकाची चोच उलथन्यासारखी पसरट. तो पाण्याचा वरचा थर गाळून घेतो. तलवार बदक शेपटी वर आणि डोके खाली करून तळाचे गवत ओढते. एकाच काठावर पाच जण जेवतात, पण एक दुसऱ्याच्या ताटात हात घालीत नाही.

आता हा काठ एका जागी थांबत नाही. धरणाच्या फुगवट्याच्या बाजूला जमीन सपाट असते. तेथे पाणी हातभर उतरले की कित्येक पावले चिखल उघडा पडतो. काठ वर्षभर पुढेमागे सरकतो आणि त्याच्याबरोबर पाखरांचे वर्षही सरकते. चला, मृगापासून सुरुवात करू.

मृगाच्या आधीच चातक येतो. हा आफ्रिकेतून समुद्र ओलांडून, पावसाळी वाऱ्याच्या पुढेमागे आपल्या देशात पोचतो. पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांतून चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे निघतात, बेडकांची शाळा भरते. काठावर गवत माजते. ह्या गवतात हळदीकुंकू बदक घरटे करते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका, म्हणून त्याचे नाव हळदीकुंकू. हे आपले कायमचे रहिवासी. ज्या तळ्यात कमळे किंवा शिंगाडे आहेत तेथे कमळपक्षी लांब बोटांच्या आधाराने पानांवरून चालताना दिसेल. पाण्यावर इवलासा गोळा दिसून एकदम बुडाला, तर ती टिबुकली समजावी.

भाद्रपद-आश्विनात धरण भरते. आपल्याला आनंद होतो. पण चिखलातल्या पाखरांना हे दिवस तसे अडचणीचे. पाणी थेट गवताला भिडलेले असते, चिखल झाकलेला असतो. तरी लहान पाहुण्यांची ये-जा सुरू होते. धोबी पक्षी शेपटी हलवीत बांधावर दिसू लागला की उत्तरेकडचा थंडीचा निरोप आला म्हणून समजावे.

दिवाळीनंतर खरी यात्रा भरते. रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटते. इकडे तुमचा गहू-हरभरा भिजतो आणि तिकडे धरणाच्या मागच्या बाजूला ओला काठ उघडा पडतो. एकाच आवर्तनात दोन पंगती उठतात, एक शेतावर आणि एक चिखलावर. मराठवाड्यातल्या अशा मोठ्या पाण्यांवर ह्या दिवसांत चक्रवाक येतात, नारिंगी अंगाचे, नेहमी जोडीने. रात्री त्यांच्या हाका ऐकून जुन्या कवींनी त्यांच्या विरहाच्या कथा रचल्या. प्रत्यक्षात हे पाखरू रात्री चरावयास निघते आणि एकमेकांना साद घालते. त्याची वीण होते लडाख, तिबेट आणि मध्य आशियात. पट्टकादंब हंसही तिकडचाच. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हा हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. तेथील विरळ हवेतला प्राणवायू पकडून ठेवण्याची शक्ती त्याच्या रक्तात अधिक असते.

ह्याच गर्दीत काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठसा असलेला एक पक्षी थव्याथव्याने पोहताना दिसतो. त्याचे नाव वारकरी. नामदेवांची नरसी ज्या जिल्ह्यात आहे तेथे हे नाव समजावून सांगावयास नको.

होळीच्या सुमारास पाहुणे परतू लागतात. चैत्रात काठ पुष्कळ मागे गेलेला असतो, पाण्यातून उंचवटे बेटासारखे वर येतात, भेगाळलेली माती उघडी पडते. आपल्याला वाटते, आता येथे काय उरले? पण ह्याच वेळी सर्वांत नाजूक काम चाललेले असते. नदी सुरय, टिटवी, शेकाट्या ही पाखरे झाडावर घरटे करीत नाहीत. उघड्या मातीवर, खड्यांच्या आडोशाला अंडी घालतात. अंडी मातीच्या रंगाची, म्हणून सहसा दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस फार, असे आपले जुने लोक सांगतात. पावसाचे काय ते पाऊस जाणे. पण अंडी कोठे आहेत हे पाहण्याची सवय त्यांना होती, हे महत्त्वाचे.

वैशाखाच्या उन्हात ही अंडी उबवावी लागत नाहीत, निववावी लागतात. आई-बाप पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात, नाहीतर पंखांची सावली धरतात. आता विचार करा. अशा वेळी आपण कौतुकाने जवळ जाऊन उभे राहिलो, तर पाखरू उठून ओरडत वर फिरत राहते. आपण दुष्ट नसतो, नुसते पाहत असतो. पण तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजून निघतात. पाणी फार उतरले की बेट काठाला जोडले जाते आणि मग कुत्री, कोल्हे, गुरे पायी तेथे पोचतात. एका दुपारीत एका वस्तीची सारी वीण बुडू शकते.

येथेच आपला खरा प्रश्न आहे. हा काठ केवळ पाखरांचा नाही. पाणी उतरले की त्या गाळावर हरभरा, भाजीपाला, कलिंगड घेण्याची रीत आहे. तिला आपण गाळपेर म्हणतो. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांना ह्या गाळाचे मोल कोणी शिकवावे? भोई बांधवांची जाळी ह्याच उथळ पाण्यात पडतात. गुरे ह्याच गवतावर चरतात. शिवाय हंस रात्री हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातात, ही तक्रारही खोटी नाही. तेव्हा 'पाखरे वाचवा' एवढे म्हणून मोकळे होणे हे शहाण्या माणसाचे काम नव्हे.

पण तोड निघते. ती काठ वाटून घेण्यात नाही, वेळ वाटून घेण्यात आहे. जेथे रीतसर परवानगीने गाळपेर होते तेथे ती पाण्याच्या अगदी धारेपर्यंत न नेता ओल्या चिखलाचा एक पट्टा मोकळा सोडावा. त्या पट्ट्यात पीक तसेही धड येत नाही. त्याचा दुसरा लाभ असा की शेतात टाकलेले खत आणि फवारलेले औषध थेट पाण्यात, म्हणजे पुढे आपल्याच माठात, उतरत नाही. चैत्र-वैशाखात जेथे पाखरे जमिनीवर बसून ओरडतात तेवढ्या उंचवट्याकडे गुरे वळवू नयेत आणि कुत्री मोकळी सोडू नयेत. हरभऱ्याला बुजगावणे करावे, राखण करावी. पण विषारी दाणे कधी टाकू नयेत. विष हंसाला ओळखत नाही. ते मोराला मारते, शेळीला मारते आणि पोराच्या हातीही लागते. जाळी आणि फासे लावून पाखरे धरणे हा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

आपल्याच राज्यात ह्याचे उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा जुना बंधारा आहे. त्यात वर्षानुवर्षे गाळ साचला. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने गाळ हा दोष. पण त्या गाळाने उथळ पाणी आणि बेटे तयार झाली आणि हजारो पाखरे येऊ लागली. १९७१ साली २ फेब्रुवारीस इराणातील रामसर गावी पाणथळ जागांविषयी देशादेशांचा करार झाला. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातून पहिले नाव लागले ते नांदूर मधमेश्वरचे, २०२० साली. चिखलाला जगाने मान दिला तो असा.

आता गुरुजनांसाठी दोन शब्द. मुलांना काठावर न्यावयाचे तर पहाटे न्यावे, सूर्य पाठीशी ठेवावा, भडक कपडे नसावेत आणि बोलणे कानगोष्टीत असावे. अभयारण्याच्या हद्दीत जाताना वनखात्याला विचारून जावे. पाखरे माना उंचावू लागली की तेथेच थांबावे. ती उडाली तर आपण फार जवळ आलो असे समजावे. उन्हाळ्यात उघड्या काठावर मुलांना मुळीच उतरवू नये, दुरून बांधावरून पाहावे.

इसापूर दूर असेल तरी अडत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव पाझर तलाव झाले. तुमच्याही शिवारात एखादा असेल. त्याच्या काठचा एक मोठा दगड खूण म्हणून धरा. दर अमावास्येच्या आसपास शाळेने जावे आणि त्या दगडापासून पाणी किती पावले दूर आहे ते वहीत लिहावे. त्याखाली लिहावे: खोल पाण्यात किती पाखरे, उथळ पाण्यात किती, चिखलावर किती. नावे आली नाहीत तरी चालेल. लांब पायांचे, आखूड पायांचे, पोहणारे एवढे भेद पुरेत. बारा महिन्यांच्या बारा नोंदी झाल्या की पाणी आणि पाखरे ह्यांचे नाते मुले स्वतःच सांगतील. त्यातच गणित आले, भूगोल आला आणि ऋतूही आले. नावे शिकण्यासाठी मारुती चितमपल्ली ह्यांचा 'पक्षिकोश' आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली ह्यांचा १२ नोव्हेंबर. ह्या दोहोंमधला आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. वहीचा आरंभ करावयास ह्याहून चांगला मुहूर्त नाही, कारण पाहुणे नेमके त्याच सुमारास उतरत असतात.

धरण भरले की आपण पाण्याची पूजा करतो, नारळ वाहतो. ते योग्यच आहे. पण पाणी उतरू लागले म्हणजे जलाशय संपला असे मानू नये. खालच्या बाजूला आपला गहू तरारत असतो, तेव्हा वरच्या बाजूला चिखलावर हिमालयापलीकडचे पाहुणे जेवत असतात, आणि त्यांच्यामागून आपलीच टिटवी अंडी घालावयास जागा शोधणार असते. तेवढी जागा आणि तेवढे दिवस तिला मिळावेत. एवढे आपल्या गावाच्या हाती आहे.