ग्लेनरीजचा जिना आणि नाचणीचा तोंगबा

आजचा भाग दार्जिलिंगचा. तिथलं ग्लेनरीज बहुतेकांनी रील्समध्ये पाहिलंय. नेहरू रोडवरून आत शिरलं की बेकरी, वर रेस्टॉरंट, आणि बार जिना उतरून खाली. डोंगरउतारावर बांधकाम असंच असतं. रस्ता जिथे लागेल तो 'तळमजला'!

पण मला जास्त शिकवलं ते तोंगबाने. हे लिंबू समाजाचं पारंपरिक पेय, छोट्या खानावळींतही मिळतं. आंबवलेली नाचणी (हो, आपल्या भाकरीचीच!) उंच भांड्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात, पाचेक मिनिटं थांबतात. मग बांबूच्या नळीने ओढायचं. नळीचं टोक बंद, बाजूला बारीक छिद्रं, त्यामुळे दाणे तोंडात येत नाहीत. झकास फिल्टर.

घोळ पुढे आहे. पाणी संपलं की पुन्हा ओततात, तीन-चार वेळा. दाण्यांतली दारू हळूहळू उतरत राहते, भांडं मात्र एकच दिसतं. मी पेग मोजून पिणारा माणूस. इथे मोजू काय? 'एकच तर घेतलं' म्हणत उठलो, तर पाय ऐकेनात. बाहेर धुकं, वळणांचा उतार, आणि खिशात भाड्याच्या बाइकची किल्ली. ती काउंटरवर ठेवली आणि हॉटेलपर्यंत चालत गेलो.