बिडी सोडल्यानंतरचे पहिले चार दिवस

निपाणीच्या आसपासच्या गावात राहून बिडीविरुद्ध लिहावयाचे, म्हणजे उसाच्या मळ्यात बसून साखरेची निंदा करण्यासारखे आहे. आमच्याकडची जमीन कित्येक पिढ्या तंबाखूवर जगली. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून येथील शेतकऱ्यांनी शेतकरी संघटनेच्या झेंड्याखाली महामार्ग अडविला आणि गोळीबारात माणसे बळी पडली. वखारीतल्या धुळीत खोकत, घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत, येथील कित्येक बायांनी मुले वाढविली. तेव्हा ज्यांच्या चुली या पिकावर पेटल्या त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. मला सांगावयाचे आहे ते बिडी ओढणाऱ्याला, आणि तेही केवळ पहिल्या चार दिवसांविषयी. कारण सोडू इच्छिणारे पुष्कळजण याच दिवसांत माघारी फिरतात. मी स्वतः दोनदा हरलो आहे. तिसऱ्या खेपेला टिकलो, त्याला आता अकरा वर्षे झाली.

मी शाळामास्तर. मुलांना आरोग्याचा पाठ शिकवावयाचा आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या मागल्या भिंतीआड जाऊन काडी ओढावयाची, हा माझा वीस वर्षांचा क्रम होता. दिवसाला एक कट्टा सहज संपे. मनाची समजूत अशी घातली होती की, सिगारेट वाईट खरी, परंतु बिडी म्हणजे चिमूटभर तंबाखू आणि झाडाचे पान. तिने काय होणार? ही समजूत साफ खोटी आहे. बिडीत तंबाखू थोडी असते हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, बिडी वारंवार विझू पाहते, आणि ती जिवंत ठेवण्यासाठी ओढणाऱ्याला अधिक वेळा व अधिक खोल झुरके घ्यावे लागतात. परिणामी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटइतकाच, किंबहुना अधिकच, छातीत जातो.

पहिल्यांदा मी बिडी सोडली ती उपवासकाळात. राखेच्या बुधवारी सोडली, चाळीस दिवस निभावले, आणि ईस्टरच्या दुपारी जेवण आटोपताच मेहुण्याने पुढे केलेली बिडी पेटविली. आज विचार केला की हसू येते. शरीराने आपले देणे केव्हाच फेडले होते. मी मात्र कैद्याप्रमाणे सुटकेचा दिवस मोजीत होतो. दुसऱ्या वेळी तर तिसऱ्याच दिवशी, आठवड्याच्या बाजारात, जुन्या सोबत्यांच्या घोळक्यात गळालो.

या तिसऱ्या दिवसाचे गूढ मला पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितले. झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते, पुढच्या दोन तासांत त्याच्या निम्मे. म्हणून रात्रभर झोपून उठलेल्या माणसाचा हात प्रथम बिडीकडे जातो. ओढणे अजिबात थांबविले की मेंदू आपला नेहमीचा हप्ता मागू लागतो. ही मागणी पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरते. म्हणजे मी दोनदा हरलो, त्यांपैकी एकदा घाटाच्या माथ्यावरूनच मागे फिरलो होतो! पुढे उतार होता हे मला कोणी सांगितले नव्हते.

काहीजण विचारतात, हळूहळू कमी करीत गेले तर? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका पाहणीत, ठरविलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतरही दूर राहिलेले आढळले. दोन आठवडे कमी करीत नंतर सोडणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मी एकदम सोडली. शनिवारी रात्री उरलेला कट्टा चुलीत टाकला, सदऱ्यांचे खिसे झटकले, आणि आगपेटी आमच्या सौभाग्यवतींच्या स्वाधीन केली.

पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मी घरात वाघासारखा येरझारा घालू लागलो. ताट वाढावयास दोन मिनिटे उशीर झाला म्हणून धाकट्या मुलीवर ओरडलो. वर्गात फळ्यावर काय लिहावयाचे तेच आठवेना. रात्री झोप नाही, तोंडात चव नाही, पोट साफ नाही. ही सारी लक्षणे त्रासदायक असली तरी धोक्याची नव्हेत. खोकलाही काहींना थोडे दिवस वाढतो. दुसऱ्या रात्री सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, भांडायचे असेल तर माझ्याशी भांडा. पोरांवर ओरडू नका, आणि आगपेटीला हात लावू नका." घरच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. या दिवसांत माणूस जे बोलतो ते सारे त्याचे स्वतःचे नसते. उपदेश करू नये, टोमणे तर मुळीच मारू नयेत. काही दिवस सोसावे, एवढेच.

तलफ ही लाटेसारखी असते. येते, चढते, आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते, मग बिडी ओढा वा न ओढा. तेव्हा प्रश्न जन्मभराचा नसून तेवढ्या दहा मिनिटांचा असतो. मी विहिरीवर जाऊन घागर भरून आणी. कधी बडीशेप चघळी, कधी घोट घोट पाणी पिई. हातांना काम हवे असते, कारण बोटांनाही सवय जडलेली असते. मी त्या आठवड्यात कुंपण नव्याने बांधून काढले. बाजाराला मोठ्या मुलाला पाठविले. सोबत्यांचा राग येऊन नव्हे, माझाच मला भरवसा नव्हता म्हणून.

चहाची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. धुरातील द्रव्यांमुळे चहा-कॉफीतील कॅफिन शरीरातून लवकर निघून जाते. धूर बंद झाला की तेवढाच चहा अंगात अधिक काळ राहतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस समजतो की हे सारे बिडी सोडल्यामुळेच. मी चार कपांवरून दोनांवर आलो, तेव्हा तिसऱ्या रात्री डोळा लागला. काही औषधांचेही असेच असते. मधुमेहाचे वा दम्याचे औषध चालू असेल त्याने बिडी सोडल्याचे डॉक्टरांना अवश्य कळवावे. तलफ फारच अनावर असेल, तर निकोटिनचा च्युइंगगम अथवा अन्य औषध डॉक्टर सुचवितात. ते घेण्यात कमीपणा नाही. शिवाय २०१६ पासून सरकारने १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी चालविला आहे, त्यावर व्यसन सोडणाऱ्यास सल्ला मिळतो. माझ्या वेळी तो नव्हता.

एक फसवी वाट मात्र टाळावी. बिडी सोडली आणि चुना-तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली, किंवा मिश्री लावण्याची सवय लागली, तर मालक बदलला, गुलामी तीच राहिली. आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पुढे उभा. उलट, चुकून एखादी बिडी ओढली गेलीच, तर "आता सारे बुडाले" म्हणून कट्टा विकत आणू नये. त्याच घटकेपासून पुन्हा मोजावे.

"आता या वयात सोडून काय उपयोग?" असे आमच्या पारावरची म्हातारी मंडळी म्हणतात. त्यांना मी डॉक्टर रिचर्ड डॉल यांची हकीकत सांगतो. १९५० साली त्यांनी व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांची पाहणी करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवून दिले. डॉल स्वतः सिगारेट ओढीत. आपलेच आकडे पाहून त्यांनी ती सोडली. पुढे हजारो डॉक्टरांवर पन्नास वर्षे नजर ठेवून २००४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य परत मिळते. पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. डॉल ब्याण्णव वर्षांचे होऊन वारले. तीन वर्षे म्हणजे एखाद्या नातवाचा अंगणवाडीपासूनचा काळ! हे ऐकून एका आजोबांनी विडी कानामागे खोचून ठेवली. पेटविली की नाही ते मी पाहिले नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून परतत असताना, घराच्या वळणावरच मला सुक्या मासळीच्या कालवणाचा वास आला. वीस वर्षांत उंबरठा ओलांडल्याशिवाय तो कधी कळला नव्हता. त्या रात्री मी दोन भाकऱ्या अधिक खाल्ल्या, आणि धाकटीला जवळ बोलावून दुसऱ्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल तिची क्षमा मागितली. आगपेटी मात्र सौभाग्यवती आजही मला सापडेल अशा जागी ठेवीत नाहीत. सांजच्या प्रार्थनेला मेणबत्ती लावावयाची झाली, तर त्यांनाच हाक मारावी लागते.