अकरावीच्या उंबरठ्यावरचे संगीत

दहावीचा निकाल हाती पडला की चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत घरोघरी एकच खल सुरू होतो : शाखा कोणती घ्यावी? ज्या घरातला मुलगा पेटीवर बसतो किंवा मुलगी भजनात सूर धरते, तेथे आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात निघतो : संगीत हा विषय घेऊ द्यावा काय? उत्तर बहुधा ठरलेले असते. गाणे हौसेपुरते ठीक. त्याने पोट भरत नाही.

ज्या भूमीत हे उत्तर दिले जाते, तिचा अनुभव मात्र निराळा आहे. धानाची कापणी आटोपून मंडईचे दिवस आले की वडसा-देसाईगंजहून नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत रात्ररात्र झाडीपट्टीची नाटके रंगतात. नटांइतकीच तेथे पेटी, तबला आणि अलीकडे ऑर्गन वाजवणाऱ्यांना मागणी असते. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे संगीत हा येथे केवळ छंद नव्हे. तो अनेक कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा एक भाग आहे.

तथापि बापाची भीती अगदीच निराधार नाही. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, कारखान्यात यंत्रामुळे कामगाराची उत्पादकता वाढते, पण चार वादकांच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. इतरत्र वेतने वाढतात, कलेचा खर्च त्यांच्याबरोबर चढतो आणि कलावंत आश्रयावर अवलंबून राहतो. रात्रभराच्या नाटकाला वादकही रात्रभरच लागतो. त्यात हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेले वर्ष शेतीवर किंवा मजुरीवर काढावे लागते.

पण येथेच विचारात एक गफलत होते. कोणत्याही निवडीची खरी किंमत तिच्यापायी सोडाव्या लागणाऱ्या पर्यायावरून ठरते. पालक मनात तुलना करतात ती संगीत आणि डॉक्टरकी यांची. जो विद्यार्थी विज्ञान शाखेकडे जाण्यास खरोखर पात्र व उत्सुक आहे, त्याच्या बाबतीत ती तुलना योग्यच आहे. भौतिक, रसायन व जीवशास्त्र सोडले तर वैद्यकाचे दार बंद होते. परंतु या भागातील ज्या मुलांना कला शाखेतच जायचे आहे, त्यांच्यापुढे निवड असते ती एका ऐच्छिक विषयाची. संगीत घेतल्याने पोलीस भरतीचा मार्ग अडत नाही. राज्यसेवेच्या परीक्षेलाही कोणत्याही शाखेची पदवी चालते. गमवायचे फार थोडे असताना फार मोठे गमावल्याचे भय बाळगणे हा हिशेबातील दोष आहे.

मिळवायचे काय, हाही प्रश्न आहेच. कानाने शिकलेल्या मुलाला शाळा काय शिकवणार, असे विचारले जाते. उच्च माध्यमिक मंडळाच्या अभ्यासक्रमात शास्त्रीय व सुगम गायन, वाद्यवादन यांसारखे स्वतंत्र विषय आहेत. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले आणि भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या, त्यामागे हाच विचार होता की विद्या घराण्याच्या उंबऱ्याबाहेर यावी. स्वरलिपी, तालशास्त्र आणि प्रमाणपत्र हाती असलेला वादक हंगाम संपल्यावर शिकवू शकतो. चार महिन्यांची मिळकत बारा महिन्यांवर नेण्याची ही एक वाट आहे.

मात्र दोन कसोट्या लावल्याखेरीज निर्णय घेऊ नये. पहिली, मुलगा कोणी न सांगता रियाजाला बसतो काय? दहावीत मान्यताप्राप्त संगीत परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात म्हणून जो वर्गाला गेला, त्याने पुढे जाण्यात अर्थ नाही. दुसरी, महाविद्यालयात विषय शिकवणारा शिक्षक खरोखर आहे काय? शिक्षकाविना संगीत हा केवळ कागदावरचा विषय होय. शिवाय बारावीची परीक्षा ऐन नाटकांच्या हंगामात येते, तेव्हा त्या वर्षीच्या बिदागीवर पाणी सोडण्याची तयारी घराने आधीच केली पाहिजे.

दुसरी कसोटी मुलाच्या हातची नाही, ती शासनाची आणि संस्थाचालकांची आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली, तिच्या अभ्यासक्रमात संगीताला स्थान होते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही कला आणि विज्ञान यांतील भिंत नको म्हणते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने १९४२ मध्ये ज्या चिमुराला जागे केले, त्या मुलखात निदान तालुक्यागणिक एका कनिष्ठ महाविद्यालयात संगीताचा पूर्णवेळ शिक्षक असावा, ही मागणी अवास्तव ठरू नये. तोवर कुरखेड्याच्या किंवा सिंदेवाहीच्या मुलाला ‘तुझी आवड निवड’ असे सांगण्याला फारसा अर्थ उरत नाही. निवडण्यासाठी आधी पर्याय असावा लागतो.