जुनी मोटार उभ्या जागी थरथरते तेव्हा

पुष्कळ गावांत अजूनही एखादी जुनी मारुती ८०० दाराशी उभी दिसते. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. कुणी उसाचे बिल हाती आल्यावर घेतलेली, कुणी शहरातल्या पाहुण्याकडून स्वस्तात आणलेली. बाजाराला, लग्नाकार्याला ती लागतेच. पण तिची खरी गरज कळते ती रात्री-अपरात्री, घरातल्या कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा. म्हणून रस्त्याला बरी पळणारी गाडी उभी केली की थरथरते, गचके देते, पाय काढताच बंद पडते, याकडे 'जुनी झाली, चालायचेच' म्हणून काणाडोळा करू नये.

येथे जे सांगितले आहे ते कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी. मारुती ८०० मध्ये २००० सालाच्या सुमारास इंजेक्शनची पद्धत आली. त्या गाड्यांचे तंत्र वेगळे. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसॅडर बाळगणाऱ्यांना मात्र यातले बहुतेक लागू पडेल.

गाडी थरथरू लागली की आपल्याकडे पहिला हात जातो तो कार्ब्युरेटरच्या स्क्रूला. स्क्रू पिळून स्लो स्पीड वाढवला की इंजिन बंद पडत नाही आणि काम झाले असे वाटते. रोग तसाच राहतो, वर पेट्रोल जास्त जाते, आणि मूळ सेटिंग कुठे होते तेही कळेनासे होते. तेव्हा स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा.

इंजिन संथ चालते तेव्हा ते अगदी थोडी हवा आणि थोडे पेट्रोल घेत असते. पाटाला भरपूर पाणी असते तेव्हा एखाद्या घुशीच्या बिळातून गेलेले पाणी लक्षातही येत नाही; पण पाणी बोटभर झाले की तेच बीळ सगळे पाणी गिळते. इंजिनाचेही तसेच आहे. वेगात न जाणवणारी बारीक खोड उभ्या जागी उघडी पडते. म्हणून 'रस्त्याला तर चांगली पळते' हे गाडी ठीक असल्याचे लक्षण नव्हे.

आधी एक गोष्ट ठरवावी: एकच सिलिंडर काम चुकवतो आहे की तिन्ही? (मारुती ८०० ला तीनच सिलिंडर. त्यामुळे चांगल्या स्थितीतही ती थोडी थरथरतेच. चार सिलिंडरच्या गाडीची तुलना तिच्याशी करू नये.) तीन बैलांच्या मोटेला एक बैल अंग चोरू लागला तर कसे होईल, तसा एक सिलिंडर बंद पडला की सगळी गाडी हलते. ओळखण्याची रीत अशी. इंजिन बंद करून एका प्लगची टोपी काढावी. त्या टोपीत एक जादा प्लग बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला नीट टेकवून ठेवावा आणि मग गाडी सुरू करावी. ही वायर नुसती लोंबकळत ठेवू नये आणि चालू इंजिनात हाताने धरू नये. झटका जबर बसतो. इंजिन आधीपेक्षा अधिक अडखळले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. अशी पाळीपाळीने तिन्हींची परीक्षा घ्यावी, आणि झटपट उरकावी.

चोर सापडला तर त्याचा प्लग खोलून पाहावा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर बरे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर धुळीने भरला आहे. मळणीच्या दिवसांत ही धूळ किती साचते हे वेगळे सांगायला नको. प्लग तेलाने ओला असेल तर इंजिन तेल खाते आहे. पांढरा फटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास असावी. त्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यात घालून पाहिला आणि खोडही त्याच्याबरोबर गेली, तर नवा प्लग घातला की काम भागते. प्लगच्या वायरी काढल्या असतील तर क्रम चुकू देऊ नये. मारुती ८०० चा क्रम १-३-२ आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून केसासारखी चीर आहे का, तेही उजेडात धरून पाहावे. पावसाळ्यात सकाळी गाडी मिसिंग करते आणि दुपारी सुधारते, ती बहुधा या चिरेत ओल धरल्यामुळे. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत पॉइंट जळून खड्डा पडला असेल तर तो बदलावा.

तिन्ही सिलिंडर सारखेच कुरकुरत असतील तर संशय हवेवर घ्यावा. कार्ब्युरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून, मॅनिफोल्डच्या सांध्यातून किंवा एखाद्या बारीक रबरी नळीतून इंजिन चोरून हवा घेते. शहरात या नळ्या उन्हाने आणि वयाने तडकतात. आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे उंदीर. ज्या पडवीत धान्याची पोती तिथेच गाडी, मग उंदीर उबेला इंजिनावर येऊन बसतात आणि नळ्या-वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून प्रत्येक नळी बोटांनी वाकवून पाहावी. मग हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांवरून फिरवावे. सूंऽऽ असा आवाज जिथे येईल तिथे फट. संशयाच्या जागी ब्रशने थोडे इंजिन ऑइल लावावे. इंजिनाचा आवाज तेवढ्यात बदलला तर जागा सापडली. यासाठी पेट्रोल शिंपडणारे मिस्त्रीही असतात, पण गरम इंजिनावर तो खेळ करू नये.

चालू इंजिनाजवळ जाताना उपरणे, पदर, सैल बाही सांभाळावी. मारुतीचा पंखा विजेवर चालतो आणि गरम झाला की आपोआप फिरू लागतो. बंद गोठ्यात किंवा पडवीत इंजिन चालू ठेवू नये. त्या धुराला वास कमी आणि विष जास्त.

आता पेट्रोलविषयी. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले इथेनॉल आपल्याच उसापासून आणि मक्या-तांदळापासून होते, ही आनंदाचीच गोष्ट. पण १९९० सालची गाडी त्यासाठी घडवलेली नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून मिश्रण थोडे पातळ होते आणि संथ चालीत इंजिन अडखळू शकते. जुने रबर त्याने मऊ पडते किंवा फुगते. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेते. रोज पळणाऱ्या गाडीला याचा त्रास कमी. आठवड्याच्या बाजारापुरतीच निघणाऱ्या गाडीला जास्त. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी श्रावण-भाद्रपदात उभी राहिली, तर ओल्या हवेतले पाणी आत शिरते. ते फार झाले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाला नेमके तेच जाते.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना, चूल, बिडी, कंदील यांपासून दूर, कार्ब्युरेटरकडे येणाऱ्या नळीतून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून स्वच्छ करण्यावाचून इलाज नाही. सोबत गंजाचा कचरा दिसला तर पेट्रोल फिल्टरही बदलावा. पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या घालायच्याच असतील तर इथेनॉल सोसणाऱ्या मागून घ्याव्यात. दिसायला सारख्या, पण दुकानात दोन्ही असतात. पावसाळ्यात गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी.

पाय काढताच गाडी बंद पडते, पण थोडा चोक ओढला की चालते, अशी खोड असेल तर स्लो जेट तुंबलेला समजावा. तो काढून पंपाच्या हवेने फुंकावा. त्यात तार घालू नये; भोक मोठे झाले की जेट गेला.

एवढे सगळे झाल्यावर स्क्रू. इंजिन चांगले तापलेले, चोक पूर्ण आत ढकललेला. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून कागदावर लिहावे, मग तितकेच परत सोडावे. आता थोडा थोडा फिरवून इंजिन जिथे सर्वांत सुरळीत आणि जलद चालेल तिथे थांबावे. नंतर स्पीडचा स्क्रू उतरवून चाल बेताची करावी. त्याच दिवशी पीयूसी करून घ्यावी. तो कागद आपण डब्यात टाकून देतो, पण त्यावरचे आकडे वाचण्यासारखे असतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाते. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडते, अर्थात कुठेतरी मिसिंग उरले आहे.

तरीही तोच सिलिंडर हट्ट धरून बसला तर टॅपेट तपासून घ्यावेत आणि कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. हे मिस्त्रीचे काम. रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घेऊन गाडी त्या दिवसापासून बाहेर काढू नये. गॅरेजात जाताना आपण काय काय पाहिले आणि कोणता सिलिंडर चुकतो हे कागदावर लिहून न्यावे. नाहीतर पहिल्याच तासात नव्या कार्ब्युरेटरची गोष्ट निघते.