‘खेळ जमत नाही’ म्हणण्याआधी

“आमच्या पोराला खेळ काही जमत नाही,” असे आपण सहज बोलून जातो. पोरगा ते ऐकतो आणि मैदानाकडे जाणेच सोडतो. पण खेळ जमणे ही एकच गोष्ट नाही. खेळातल्या हालचालींना शारीरिक शिक्षणात कारक कौशल्ये म्हणतात आणि त्यांचे प्रकार आहेत. एकात मागे असलेले मूल दुसऱ्यात पुढे असू शकते.

पहिला भेद स्नायूंचा. धावणे, उडी, गोळाफेक यांत मोठे स्नायू राबतात. ही स्थूल कौशल्ये. कॅरमचा स्ट्रायकर नेमका मारणे हे बोटांचे काम. ते सूक्ष्म कौशल्य. फिरकी गोलंदाजाला दोन्ही लागतात.

दुसरा भेद हालचालीच्या सुरुवात-शेवटाचा. गोळा हातातून सुटला की काम संपले. हे सुटे कौशल्य. धावणे, पोहणे, सायकल चालवणे ही सलग कौशल्ये. खो-खोत खो मिळताच उठणे, दिशा धरणे, धावणे, खांबापाशी सूर मारणे ही साखळी. साखळी जिथे तुटते तेवढाच भाग आधी घोटून घ्यावा, मग जोडावा.

तिसरा भेद सरावासाठी सर्वांत उपयोगी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल्टन यांनी १९५७ साली कामातल्या कौशल्यांचे ‘बंद’ आणि ‘खुली’ असे दोन प्रकार मांडले. बार्बरा नॅप यांनी १९६३ मध्ये तो विचार खेळात आणला. गोळाफेकीत वर्तुळ हलत नाही, कोणी आडवे येत नाही. हे बंद कौशल्य. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात आणि समोरची साखळी क्षणाक्षणाला जागा बदलते, हे खुले. बाकीची बरीच कौशल्ये या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

बंद कौशल्य एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा करून पक्के होते. खुल्याला बदलता सराव लागतो: नवा जोडीदार, वेगळा वेग, वेगळी दिशा. भिंतीवर खडूचे वर्तुळ काढून चेंडू मारला तर नेम बसेल. पण झेल सुधारायचा तर कोणीतरी उंच, खाली, डावीकडे, उजवीकडे चेंडू टाकायला हवा. याला मोठे मैदान लागत नाही, गल्ली पुरते.

आता मुलींचे. मुलगा लहानपणापासून गल्लीत चेंडू फेकत असतो, तेव्हा मुलगी पाणी भरत असते. मग तिची फेक कच्ची राहिली, तर उणीव सरावाची आहे, तिची नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

तेव्हा मूल एका खेळात मागे पडले, तर त्याला नेमके कोणते कौशल्य अडते ते पाहू या. तेवढे शिकवू या, दुसरा खेळही देऊन पाहू या. आणि संध्याकाळचा एक तास मुलीलाही मोकळा ठेवू या.