हामचा शाप आणि मिसिसिपीची मतदारयादी

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या नवव्या अध्यायात नोहा दारू पिऊन तंबूत उघडा पडतो, मुलगा हाम ते पाहतो. शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो तो हामला नव्हे, त्याच्या मुलाला, कनानला. कातडीच्या रंगाचा तिथे अवाक्षरही नाही. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक पाद्र्यांनी हाम म्हणजे आफ्रिकी लोकांचा मूळपुरुष ठरवला आणि गुलामगिरीला ईश्वरी मान्यता मिळवून दिली. 1860 साली तिथे सुमारे 40 लाख गुलाम होते. मिसिसिपीत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या त्यांचीच. एवढ्या मोठ्या व्यवहाराला शास्त्राधार लागणारच!

गुलामगिरीच्या वादात 1844 साली मेथडिस्ट चर्च दुभंगले. गुलामांच्या मालकाला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, यावरून 1845 मध्ये बॅप्टिस्टही फुटले आणि ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ जन्माला आले. पुढे तो देशातला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ झाला. गुलामगिरीच्या पाठराखणीबद्दल त्याने माफी मागितली ती 1995 साली, दीडशे वर्षांनी.

गुलामगिरीच्या या समर्थनाचा रोख फक्त काळ्यांवर होता असे आपण धरून चालतो. पण जेम्स हेन्री हॅमंड या साउथ कॅरोलिनाच्या सिनेटरने 1858 मध्ये सभागृहात सांगितले की, हलकी कामे करणारा एक वर्ग प्रत्येक समाजाच्या पायाशी हवाच. उत्तरेतले गोरे मजूरही त्याच्या लेखी गुलामच. फरक इतकाच की त्यांना मत होते, आणि धोका त्यातच आहे, असा इशारा त्याने उत्तरेला दिला. गुलामगिरीचा समर्थक लेखक जॉर्ज फिट्झह्यू याने तर गुलामगिरी गोऱ्या मजुरांच्याही हिताची ठरवली. माझ्या मते या विचारसरणीचे मर्म इथे आहे. खरी भीती मतपेटीची होती.

गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली. 1870 मध्ये हायरम रेव्हल्स हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक मिसिसिपीतून सिनेटमध्ये पोहोचला. त्यानंतर तीन वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. फुल्यांना दिसलेली ती पहाट खोटी नव्हती, पण टिकली नाही.

मिसिसिपीने 1890 साली नवी राज्यघटना केली. मतदानासाठी दोन डॉलर कर, शिवाय घटनेतले एखादे कलम वाचून दाखवायचे किंवा समजावून सांगायचे. परीक्षक अर्थात गोरा कारकून. वंशाचे नाव कुठेही नाही, म्हणून 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सारे वैध ठरवले. 1965 चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत तिथल्या दर शंभर पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात जणांची नावे यादीत होती.

आणि देवाचा दाखला? 1959 मध्ये व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशाने लव्हिंग दांपत्याला मिश्रविवाहाबद्दल दोषी ठरवले आणि 1965 मध्ये तो निकाल मागे घ्यायला नकार देताना लिहिले की, देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले ते त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणूनच. तो निकाल 1967 मध्ये रद्द झाला.

मिसिसिपीच्या 1890 च्या त्याच घटनेत मताधिकार घालवणाऱ्या गुन्ह्यांची यादी होती. चोरी, जाळपोळ, द्विविवाह असे, काळे लोक अधिक करतात अशी समजूत असलेले गुन्हे तिच्यात घातले. खून आणि बलात्कार मात्र 1968 पर्यंत तिच्यात नव्हते. अपील न्यायालयाने 2024 मध्ये ही तरतूद कायम ठेवली. बदल हवा असेल तर लोकांनी आपल्या आमदारांना पटवावे, असे सांगून. चोरीची शिक्षा पुरी भोगून आलेल्या माणसालाही तिथे मत परत मिळवायचे तर राज्यपालांची माफी तरी लागते, नाहीतर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे दोन-तृतीयांश बहुमत.